लालसिंगचा जीव आणि हंसाबाईचा चुडा

घाटंजीच्या बाजारातून लालसिंग राठोड चालू लागला की समोरची माणसे आपोआप बाजूला होत. उंच धिप्पाड अंग, लाल पागोटे, पिळदार मिशा आणि आवाज असा, की त्याने आपले बैल हाकले तर शेजारच्या वावरातले बैलही पाऊल उचलत. त्यांच्या बंजारा तांड्यात कोणाचा बैल विहिरीत पडला, कोणाची शेताच्या धुऱ्यावरून मारामारी जुंपली, तर पहिला निरोप लालसिंगकडे. त्याचे पणजे-खापरपणजे बैलांच्या पाठीवर मिठाची पोती लादून मुलूखभर हिंडले होते. लालसिंग मात्र तांड्याभोवतीच्या काळ्या रानात कापूस-तूर पिकवून एका जागी नांदत होता, आणि अशा गड्याला कशाची भीती वाटत असेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

त्याला मरणाची भीती वाटे. तशी ती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण लालसिंगची भीती जरा जास्तच लाडावलेली होती. पोटात कळ आली की हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडे आणि बायकोला म्हणे, "पोरीले निरोप धाड." पोरगी महागावकडे दिलेली. बायको, म्हणजे हंसाबाई, त्याच्या हातावर ओव्याची चिमूट ठेवी, त्याला ढेकर येई आणि मरण पुढच्या खेपेवर जाई. ही गोष्ट तिने वीस-बावीस वर्षे तांड्यात कोणाला कळू दिली नव्हती. बाहेर नवऱ्याच्या मिशा आणि घरात नवऱ्याचा ओवा, दोन्ही तीच सांभाळत होती.

या भीतीला मूळ होते. लालसिंगचा थोरला भाऊ भावसिंग ऐन उमेदीत पटकीने गेला. सकाळी औत घेऊन निघालेला माणूस दुसऱ्या सकाळी चितेवर. मग नाल्याच्या काठी बायांनी त्याच्या बायकोचा, जमनीचा, हात दगडावर ठेवला आणि तिचा चुडा फोडला. गोर, म्हणजे बंजारा बायांचे हात मनगटापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्यांनी भरलेले असतात. त्यातल्या कोपराच्या वरच्या त्या चुड्याच्या. लग्नात चढतात आणि नवरा गेल्यावरच उतरतात. लालसिंग तेव्हा बाभळीखाली उभा होता. तो आवाज त्याच्या कानात बसला तो बसलाच.

त्यातच एका म्हातारीने सांगितले, की महिनाभरापूर्वी जमनीची एक बांगडी तडकली होती आणि ती बदलायला तिने सगळा चुडा खाली घेतला होता. मग काय, तांड्याला कारण सापडले. चुडा उतरवला म्हणून गडी गेला. हे सगळ्यांना पटले आणि लालसिंगला सगळ्यांत आधी पटले. त्याने वहिनीला अन्नवस्त्राला कधी कमी केले नाही, पण हळदीच्या दिवशी ती समोर आली की त्याच्या कपाळाला आठी पडे. जमनीला ती आठी दिसे. ती मागच्या मागे सरकून पाण्याच्या रांजणाजवळ जाऊन उभी राही.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या कार्तिकात लालसिंगच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. टाच सुजली, ठणकू लागली आणि लालसिंगने आपले दिवस भरले असे ठरवून टाकले. बैलबंडीने घाटंजी आणि तिथून मोटारीने यवतमाळचा मोठा दवाखाना गाठला. हंसाबाई बरोबर होतीच. डॉक्टरने टाच फोडली, पू काढला, आणि लालसिंग असा ओरडला की दोन खोल्यांपलीकडची बाळंतीण दचकली म्हणतात. त्या गडबडीत दाराशी उभ्या हंसाबाईला खोकल्याची उबळ आली. पट्टी बांधता बांधता डॉक्टरने मान वर केली.

"किती दिवसांपासून खोकला आहे, बाई?"

"आताचाच आहे जी. कापूस वेचाले जातो ना, त्याचं भुसकट घशात जाते."

डॉक्टरने तिला जवळ बोलावले. छातीला नळी लावली, मग पाठीला लावली, परत छातीला लावली. त्याच्या तोंडावरचे हसू गेले. त्याने छातीचा फोटो सांगितला, थुंकी तपासायला सांगितली, रक्त सांगितले. टाच लालसिंगची, आणि तपासण्या निघाल्या हंसाबाईच्या.

फोटोच्या खोलीत बापूजी म्हणून एक वाळकुडा, सालस माणूस होता. त्याने हंसाबाईला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि डोके खाजवले. आरसे जडवलेली कांचळी, केसांत गुंफून गालांवर लोंबणारी चांदीची घुगरी, आणि खांद्यापर्यंत बांगड्या.

"बाई, छाती पाटीले टेकवून दोन्ही खांदे पुढे घ्या लागतात," तो म्हणाला. "हे दंडावरचं अन् हे गालावर लोंबणारं मधात येते. फोटो साफ निघत नाही. तेवढं उतरवून ठेवा. आत विमलताई नर्स आहे, पडदा आहे."

हंसाबाईने नवऱ्याकडे पाहिले. आणि पाहता पाहता तिचा हात घुगरीच्या गाठीकडे गेला. ती गाठ सोडू लागली होती. लालसिंगने तो हात पाहिला. हे नीट ध्यानात ठेवायचे, कारण पुढे हे विसरण्यासाठी त्याने फार मेहनत घेतली.

त्याला नाल्याकाठचा दगड दिसला. दगडावर हात हंसाबाईचा होता आणि चितेवर कोण होते ते सांगायला नको.

"नाही," तो म्हणाला. "आमच्यात नवरा जित्ता असतानी चुडो उतरत नाही."

"भाऊ, जराशाचं काम आहे. फोटो निघाला का परत घाला."

"रीत म्हणजे रीत." आवाज असा लागला की व्हरांड्यातले पेशंट वळून पाहू लागले.

हंसाबाईचा हात घुगरीवरून खाली आला. बापूजीने विमलताईकडे पाहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. परतीच्या मोटारीत तिला खोकला आला की लालसिंग रस्त्याकडे पाही.

तांड्यात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. संध्याकाळी तांड्याचा देव सेवाभाया याच्या ठाण्यापुढे, पांढऱ्या झेंड्याखाली माणसे जमली, तेव्हा तांड्याचा प्रमुख देवीलाल नाईक सगळ्यांसमोर म्हणाला, "शहरात जाऊन बी लालसिंगनं गोरची रीत नाही सोडली. डॉक्टरसमोर बायकोचा चुडो राखला." आणि चिलीम, जी एरवी नाईकाच्या हातून सुरू व्हायची, ती त्याने पहिल्यांदा लालसिंगच्या हातात दिली. लालसिंगने झुरका घेतला. हंसा तयार होती, एवढेच म्हणायचे होते. ते त्याच्या ओठांपर्यंत आले आणि धुराबरोबर परत घशात गेले. सगळे मान डोलावत होते. त्याला वाटले, कोणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी जमनी दारात येऊन उभी राहिली. ती सहसा आपणहून येत नसे.

"हंसाले फोटोले काहून नाही नेत?"

"चुडो उतरवा लागते, भोजाई."

"चुडो उतरल्यानं माणूस मरत नाही, लालसिंग. माणूस मेल्यावर चुडो उतरते."

'तुले काय ठाऊक' असे तो तोडून बोलणार होता. पण तांड्यात हे कोणाला ठाऊक असेल तर त्याच बाईला होते. तो बैलांना चारा टाकायला उठून गेला.

मग त्याने काळजी करायचा सपाटा लावला. करायचे सोडून बाकी सगळे केले म्हणा ना. अडुळशाचा काढा उकळला, हळदीचे दूध पाजले, मधाचे पोळे काढायला स्वतः झाडावर चढला. वेचणीला जाऊ नको म्हणून तिला दटावले आणि ती गेलीच तर दिवसभर दोन ओळी सोडून वेचत तिच्या खोकल्याकडे कान लावून राहिला. सेवाभायाला बोकड बोलला. ठाण्यापुढे हात जोडून म्हणायचा, "बापू, हंसाले बरं कर," आणि दर वेळी जीभ आपणहून पुढे म्हणायची, "अन् मलेबी सांभाळ." देवासमोर हे शब्द निघाले की त्याला ओशाळवाणे व्हायचे. पण एक दिवस ते म्हणायचे राहिले, तेव्हा तो अर्ध्या वाटेतून परत गेला आणि म्हणून आला.

पौषातल्या एका बाजाराला हंसाबाई म्हणाली, "मी अन् भोजाई यवतमाळले जाऊन येतो. नातीच्या कांचळीले काचा अन् दोरे आणा लागतात. घाटंजीत धड भेटत नाही." लालसिंगने दोघींना मोटारीच्या अड्ड्यावर उतरवून दिले. खरे तर त्याला हायसे वाटले. दिवसभर तिच्या खोकल्याचा आवाज नाही, तिच्या डोळ्याला डोळा देणे नाही. त्याने बाजारात चार लोकांशी गप्पा मारल्या, हलवायाच्या बाकावर बसून गरम जिलबी खाल्ली, आणि बायकोसाठी पुड्यात बांधून घेतली.

शेवटच्या मोटारीने ती आली. चेहरा उतरलेला होता, पण जिलबी तिने खाल्ली, गोड आहे म्हणाली. ती हात धुवायला वळली तेव्हा लालसिंगला दिसले, की उजव्या दंडावरची चुड्याची एक बांगडी तडकली आहे आणि तिच्यावर लाल दोरा गुंडाळला आहे.

"हे काय व?"

"मोटारीच्या दांडीले लागली."

लालसिंगची पाचावर धारण बसली. चुडा तडकला, आणि तोही उजवा. दुसऱ्या दिवसापासून तो विहिरीकडे गेला नाही, बैलांच्या मागून गेला नाही, छपरावर चढायचे होते ते चढला नाही. कंबर धरली असे सांगून अंगणात बसला आणि दोर वळू लागला. इतका दोर वळला की तांड्याच्या सगळ्या बैलांना पुरला असता. हंसाबाई भाकर आणून ठेवी, क्षणभर त्याच्याकडे पाहत उभी राही आणि म्हणे, "तुम्हाले काही होत नाही. मी सांगतो ना." ती हे इतक्या खात्रीने म्हणे, की चार-पाच दिवसांनी तो उठलाच.

यवतमाळहून आल्यापासून तिच्या वागण्यात थोडा फरक पडला. तिने आपला लोटा आणि ताटली वेगळी केली. बाज दाराबाहेर ओट्यावर नेली, इतक्या थंडीत. आणि दर महिन्याला एकदा जमनीला घेऊन यवतमाळला जाऊ लागली. "नवस आहे," ती म्हणाली. लालसिंगने पुढे विचारले नाही. ज्याला विचारायचेच नसते त्याला कोणतेही उत्तर पुरते. खोकला हळूहळू कमी झाला, आणि लालसिंगने ते अडुळशाच्या आणि बोकडाच्या नावावर मांडले.

होळी झाली आणि भीमराजची बायको रक्त थुंकली.

भीमराज म्हणजे लालसिंगच्या चुलतभावाचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेला. धुरपता त्याची बायको, अजून अंगाने पोरच. तिला घेऊन तो यवतमाळला गेला आणि त्याच दिवशी परत आला. बंडी घराकडे न नेता त्याने सरळ लालसिंगच्या अंगणात आणून उभी केली. धुरपता कडब्यावर आडवी होती आणि तोंडावर घेतलेल्या ओढणीला लाल डाग होता.

"काका, मले बी तोच फोटोवाला म्हणे, चुडो उतरवा," भीमराज म्हणाला. त्याची छाती फुगली होती. "मी म्हटलं, रीत म्हणजे रीत. आमच्या लालसिंग काकानं नाही उतरवू देला, मी कायले उतरवू? नाही ना चुकलो?"

त्याला शाबासकी हवी होती. लालसिंगला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपण भ्यायलो ती आपली एक गोष्ट, असे तो इतके दिवस धरून चालला होता. आता ती या पोरीच्या उरावर येऊन बसली होती. "घरी ने तिले, निजू दे," एवढेच तो म्हणाला आणि आत गेला.

हंसाबाई चुलीशी भाकऱ्या थापत होती.

"उद्या आपण यवतमाळले जाऊ," तो म्हणाला. "फोटो काढू. तू चुडो उतरव, मी सांगतो. तू उतरवला का भीमराज बी धुरपताचा उतरवन." हे बोलताना त्याचा आवाज चिरकला. मोठा त्याग करतो आहोत असे त्याला वाटत होते, आणि त्याच्यापुरता तो होताही.

हंसाबाईने भाकर तव्यावर टाकली. "उतरवला होता," ती म्हणाली.

"कधी?"

"पौषात. तुम्ही जिलबी आणली त्या दिवशी."

लालसिंग चुलीजवळ खाली बसला.

तिने कोपऱ्यातली भरतकामाची कोथळी ओढली आणि तिच्यातून गोळ्यांची पुडी काढून त्याच्यासमोर ठेवली. "फोटोत डाग निघाला. क्षय आहे म्हणते डॉक्टर. महिन्या-महिन्याच्या गोळ्या देते. वाळून राह्यला म्हणते डाग, पण अजून सालभर खा लागन. लोटा-ताटली वेगळी कराले त्यानंच सांगितलं. तुम्हाले लागू नये म्हणून."

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुम्ही बाजेवरून उठले असते का? उतरवता उतरवता एक बांगडी तडकली, तं तेवढी पाहून तुम्ही अंगणात बसले दोर वळत." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागले. "भोजाईनं उतरवला. साबण लावून लावून. तुमच्या भावाच्या वक्तापासून तिले सारे बोलतात, तरी आली बिचारी. तुम्हाले काही झालं असतं तं तांड्यानं तिले जित्तं नसतं ठेवलं."

लालसिंगने गोळ्यांची पुडी उचलून परत कोथळीत ठेवली. मग जे विचारायची त्याची हिंमत नव्हती ते त्याने विचारले. "कार्तिकात मी नाही म्हटलं, ते काहून म्हटलं, तुले ठाऊक होतं?"

हंसाबाईने भाकर उलटवली. "वीस वर्षं ओवा देऊन राह्यली ना मी तुम्हाले," ती म्हणाली.

भाकर फुगली, तिने ती काढून त्याच्या ताटात घातली. त्याच्याने खाववली नाही. या बाईने एकटीने दुखणे झेलले, एकटीने डॉक्टरसमोर डाग ऐकला, आणि वर घरी येऊन त्याची समजूत काढली, की तुम्हाले काही होत नाही. आणि हा सबंध वेळ आपण तिची काळजी करतो आहोत असे त्याला वाटत होते. लाज अशी आली की अंगावरचे कपडे नकोसे झाले. तो उठला आणि देवीलाल नाईकाच्या अंगणात गेला.

तिथे भीमराज होता, पाच-सहा म्हातारे होते. लालसिंग उभ्यानेच बोलला. "हंसाचा चुडो उतरला होता. पौषात. फोटो निघाला, औषध चालू आहे, दुखणं हटून राह्यलं. अन् मी तुमच्यासमोर उभा आहो. पाह्य भीमराज, मेलो का मी?"

देवीलाल नाईकाने चिलीम बाजूला ठेवली. "तुह्या हुकमानं उतरला?"

लालसिंगने तोंड उघडले. इतक्यात एक म्हातारा म्हणाला, "त्याच्या हुकमाबिगर उतरन का? छाती लागते त्याले. दुसऱ्या कोणाचं काम नाही ते."

"मंग धुरपताचा बी उतरू द्या," नाईक म्हणाला, आणि चिलीम परत लालसिंगकडे आली.

लालसिंगने तोंड मिटले. काम झाले होते. धुरपताचा फोटो निघणार होता, आता उगाच फोड करून काय मिळणार, असे त्याने मनाला समजावले. मनाला ते पटले नाही. रीत राखली म्हणून पहिली चिलीम त्याला मिळाली होती, आणि रीत मोडली म्हणूनही त्यालाच मिळाली. दोन्ही वेळा त्याने मूग गिळले होते.

दुसऱ्या दिवशी भीमराज, धुरपता, हंसाबाई, जमनी आणि लालसिंग असे पाच जण यवतमाळला गेले. बापूजीने हंसाबाईला ओळखले, "बऱ्या आहात ना बाई," म्हणाला. लालसिंगला त्याने ओळखले की नाही कोण जाणे. काही बोलला नाही, आणि लालसिंग त्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकला नाही. धुरपताला धरून हंसाबाई आत गेली. जमनीही साबणाची वडी घेऊन गेली. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि धुरपताचा चुडा भीमराजच्या मांडीवर ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली.

भीमराज त्या बांगड्यांकडे पाहत होता. साबणाने त्या ओल्या होत्या. कालची फुगलेली छाती पार बसली होती आणि कपाळावर घाम आला होता. बांगड्या किणकिणायला लागल्या, कारण त्याचे गुडघे हलत होते. व्हरांड्यातले लोक या दोन पागोटेवाल्या गड्यांकडे आणि मांडीवरच्या बांगड्यांकडे टकामका पाहत होते.

"काका," तो हळूच म्हणाला, "काकीच्या वक्ताले तू असाच बसला होता का अथी?"

जमनीने मान वळवली नाही. ती काही बोलली नसती, कधीच बोलली नसती, हे लालसिंगला ठाऊक होते. हो म्हटले की संपले असते. पोराला धीरही आला असता.

"नाही," तो म्हणाला. "मी नव्हतो. मले ठाऊकच नव्हतं. या दोघी लपून आल्या. मी घाटंजीच्या बाजारात जिलबी खाऊन राह्यलो होतो."

भीमराजने मान वर केली.

"अन् कार्तिकात मी रीतीसाठी नाही म्हटलं नव्हतं. हंसा तयार होती. घुगरी सोडाले तिनं हात घातला होता. मले मराचं भेव वाटलं, म्हणून मी नाही म्हटलं. तांड्यात कोणालेच ठाऊक नाही. घरी गेल्यावर नाईकाले सांगतो."

काकाच्या डोक्यावरचे पागोटे कोणी भर रस्त्यात उतरवावे तसा भीमराजचा चेहरा झाला. पण त्याचे गुडघे जरा थांबले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मलेबी भेव वाटून राह्यलं, काका."

"वाटते. बस."

"मंग काकीचा चुडो कोणं धरला होता?"

हे लालसिंगला माहीत नव्हते. विचारायचे त्याला सुचलेही नव्हते. त्याने जमनीकडे पाहिले.

"कोणं नाही," जमनी म्हणाली. "मी उतरवून देला. पण मी उघड्या हाताची बाई, नवरा असलेल्या बाईचा चुडो घेऊन कशी बसू? तिथं ठेवला होता, खिडकीत. परत घालून देला तो विमलताईनं."

लालसिंगने खिडकीकडे पाहिले. हातभर लांबीची फरशी होती. तिच्यावर धूळ होती आणि कोणाची तरी औषधाची रिकामी बाटली आडवी पडली होती. हंसाबाई आत थंडगार पाटीला छाती टेकवून उभी होती तेव्हा तिचा चुडा इथे पडून होता, आणि तो ज्याच्या नावाने घातलेला तो माणूस हलवायाला सांगत होता, की पाकातली दे, बायकोला आवडते.

भीमराजच्या मांडीवरच्या बांगड्या घसरू लागल्या होत्या. लालसिंगने दोन्ही हात पुढे केले आणि त्या धरून ठेवल्या.